वाचकांचे प्रश्न : परीक्षा न होता मिळालेले गुण

बारावीच्या अंतिम निकालात आधीच्या वर्गांतील कामगिरीलाही वाटा मिळावा, नववीला १५, दहावीला २०, अकरावीला २५ आणि बारावीला ४० टक्के भार द्यावा, अशी शिफारस ‘परख’ या केंद्रीय मूल्यमापन संस्थेने २०२४ मध्ये केली होती. गेल्या अंकात तिच्याविषयी लिहिल्यानंतर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख मात्र मागे, २०२१ च्या दहावीकडे होता. त्या वर्षी परीक्षा झाली नाही, गुण शाळांनी दिले आणि ते योग्य होते का, हा प्रश्न अनेक घरांत अजून मिटलेला नाही. त्यांतील काही पत्रे संक्षेपाने घेत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे नवरा-बायको दरवर्षी दसऱ्यानंतर मुकादमाबरोबर ऊसतोडीला जातो. मुलगा २०२१ साली दहावीला होता. तो गावी आजीपाशी राहिला, पण घरात फोन नव्हता. शेजाऱ्यांचा मिळाला तर अभ्यास व्हायचा. त्याला ६१ टक्के पडले. आता ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत तो अर्ज भरतो, पण यादीत नाव येत नाही, कारण त्याच साली दुसऱ्या शाळांतल्या मुलांना नव्वदच्या पुढे गुण आहेत. गुरुजींनी आमच्या मुलावर अन्याय केला का?
— एक पालक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. शिक्षकांनी आपल्या मुलाला त्यांच्यापुढे असलेल्या नोंदींप्रमाणे गुण दिले का, हा पहिला. आणि त्या गुणांची तुलना दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या शाळेच्या मुलाच्या गुणांशी करणे योग्य होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा ‘होय’ असेच निघेल. दुसऱ्याचे उत्तर माझ्या मते ठामपणे ‘नाही’ असे आहे, आणि आपल्या मुलावर झालेला अन्याय तिथे आहे.

एप्रिल २०२१ मध्ये परीक्षा रद्द झाली आणि २८ मे रोजी तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी निकालाचे सूत्र जाहीर केले. प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनावरून आणि २० गुण गृहपाठ, तोंडी परीक्षा व प्रात्यक्षिके यांवरून द्यायचे होते. वाचताना हे सूत्र समतोल वाटते, परंतु त्यातला प्रत्येक आकडा कोठून आला हे पाहिले की आपल्यासारख्या घरातील मुलांची अडचण लक्षात येते. ही मुले २०१९-२० मध्ये नववीत होती आणि त्या वर्षीची दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीमुळे रद्द झाली होती. म्हणजे नववीचा निकाल मुख्यतः पहिल्या सत्रावर, २०१९ च्या दिवाळीआधी सोडवलेल्या पेपरांवर उभा होता. चौदा वर्षांच्या मुलाने त्या वेळी नववीची सहामाही म्हणून जे लिहिले, त्यावर पुढे दहावीचे निम्मे गुण ठरतील याची कल्पना त्याला नव्हती आणि त्याच्या शिक्षकांनाही नव्हती.

दहावीच्या ३० गुणांची स्थिती तर आणखी नाजूक होती. नववी ते बारावीच्या शाळा २३ नोव्हेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडल्या आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडल्या. मधल्या काळातल्या चाचण्या कोठे वर्गात झाल्या, कोठे व्हॉट्सॲपवर प्रश्नपत्रिका पाठवून घेतल्या गेल्या. ज्याच्या हाती फोन नव्हता त्याची चाचणी हुकली, आणि हुकलेल्या चाचणीचे काय करायचे हे प्रत्येक शाळेने आपापल्या परीने ठरवले. एका विषयाचा हिशेब करून पाहू. नववीत गणितात ६० टक्के असतील तर ५० पैकी ३०, दहावीच्या चाचण्यांत एक हुकल्याने ३० पैकी १५, तोंडी आणि गृहपाठाचे २० पैकी १६, एकूण ६१. यात शिक्षकाने कोणाचेही वाईट केलेले नाही. तरीही हा आकडा मुलाच्या गणितापेक्षा त्याच्या घरातल्या फोनविषयी अधिक सांगतो.

आपल्याकडची कितीतरी मुले वर्षभर शेतात, गुरांमागे, धाकट्या भावंडांमागे असतात आणि जानेवारीनंतर झपाटून अभ्यास करून मार्चची परीक्षा मारून नेतात. बोर्डाची परीक्षा या मुलांना एक संधी देते, जी वर्षभराच्या नोंदी देत नाहीत : मागे काय झाले ते न पाहता, आज काय येते एवढेच ती विचारते. २०२१ मध्ये नेमकी तीच संधी गेली.

आता तुलनेविषयी. नेहमीच्या वर्षी साऱ्या राज्याला एकच प्रश्नपत्रिका असते, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बारकोड असतो, ती दुसऱ्या शाळेच्या परीक्षकाकडे जाते आणि त्याने दिलेल्या गुणांवर नियामकाची, म्हणजे तपासणी पुन्हा पाहणाऱ्या वरिष्ठ परीक्षकाची, नजर फिरते. एवढे करूनही चुका होतात, पण निदान सर्वांना एकच मोजमाप लागते. २०२१ मध्ये मोजमाप शाळेगणिक वेगळे होते. १६ जुलैला लागलेल्या निकालात सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांपैकी ९९.९५ टक्के उत्तीर्ण झाले, ९५७ जणांना शंभर टक्के गुण मिळाले आणि नव्वदच्या पुढे गेलेल्यांची संख्या एक लाखावर पोहोचली. महामारीच्या वर्षात मुलांना उत्तीर्ण करून पुढे जाऊ देणे हा माणुसकीचा निर्णय होता आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण उत्तीर्ण ठरवण्यापुरते जे गुण विश्वासार्ह होते, तेच गुण पुढे क्रम लावायला वापरले गेले. ग्रामीण डाक सेवकांची निवड दहावीच्या टक्केवारीवरून, चार दशांश स्थळांपर्यंत हिशेब करून होते. ज्या आकड्यात दहा-पंधरा गुणांचा फरक केवळ शाळा बदलल्याने पडू शकतो, त्याच्या चौथ्या दशांश स्थळाला काहीही अर्थ उरत नाही, आणि त्यावर एखाद्याची नोकरी ठरणे मला मान्य नाही.

निकाल मान्य नसलेल्यांना श्रेणीसुधार योजनेत पुढच्या दोन परीक्षांना बसण्याची मुभा होती. ती मुदत आता उलटून गेली आहे. म्हणून मुलाला असे सांगावे की केवळ दहावीच्या गुणांवर निवड करणाऱ्या भरतीवर त्याने सारी भिस्त ठेवू नये. पोलीस भरती, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा, राज्याच्या सरळसेवा परीक्षा येथे उमेदवाराची लेखी परीक्षा स्वतंत्रपणे होते आणि दहावीची टक्केवारी तेथे आडवी येत नाही. गुरुजींविषयी मनात अढी धरू नका. त्यांच्या हाती जी पाने होती, त्यांवरूनच त्यांना लिहावे लागले.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. २०२१ मध्ये आमच्या निकाल समितीने नोंदवह्या समोर ठेवून, वाद घालून, जसे होते तसे गुण दिले. शेजारच्या शाळेने तोंडी परीक्षेचे वीसपैकी वीस वाटले. आमची हुशार मुले अकरावीच्या यादीत त्यांच्या मध्यम मुलांच्या मागे गेली. पालक अजून बोल लावतात. प्रामाणिक राहून मी मुलांचे नुकसान केले का?
— एक शिक्षिका, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : ताई, नुकसान झाले हे खरे आहे, आणि ते आपण केलेले नाही हेही तितकेच खरे आहे. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची निकाल समिती नेमली गेली आणि अभिलेखांत फेरफार केल्यास कारवाई होईल असेही शासनाने बजावले होते. परंतु एका शाळेची समिती दुसऱ्या शाळेच्या समितीच्या शेजारी बसून गुण ताडून पाहील अशी सोय नव्हती. ज्या व्यवस्थेत सढळ हात ठेवणाऱ्याला काही किंमत मोजावी लागत नाही आणि काटेकोर राहणाऱ्याच्या विद्यार्थ्यांना ती मोजावी लागते, ती व्यवस्था प्रामाणिक शिक्षकाला एकटे पाडते. आपण जे सोसत आहात ते त्याचे फळ आहे.

हे दुखणे महामारीने आणलेले नाही. मार्च २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण बंद झाले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. (त्या वर्षी भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले होते.) एका वर्षात राज्यभरातल्या मुलांचे मराठी बिघडले आणि पुढच्या वर्षी सुधारले असे कोणी म्हणणार नाही. शाळेच्या हातातले गुण निकाल किती वरखाली करू शकतात हे आपल्याला परीक्षा रद्द होण्याआधीच कळले होते, पण त्यावरून जे शिकायला हवे होते ते आपण शिकलो नाही.

नियामक म्हणून काम करताना माझ्या पाहण्यात दोन प्रकारच्या नोंदवह्या आल्या. एकीत तोंडी परीक्षेचा रकाना वरपासून खालपर्यंत १८, १९, १८, १९ असा भरलेला असे. एकच शाई, एकच तारीख, एकच बैठक. दुसऱ्या प्रकारची वही दिसायला गबाळी. खाडाखोड, तीन-चार वेगवेगळ्या तारखा, आणि गुणांच्या पुढे बारीक अक्षरात ‘उच्चार स्पष्ट, अभंगाचा अर्थ सांगताना अडखळली’, ‘दुसऱ्यांदा विचारल्यावर नीट सांगितले’ अशा ओळी. या दुसऱ्या वहीतला १४ मला पहिल्या वहीतल्या १९ पेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो, कारण त्याच्या मागे एक मुलगी उभी राहून बोललेली दिसते. आपली वही अशी असेल तर ती जपून ठेवा. पालक बोल लावायला आले तर त्यांच्यापुढे ती उघडा. जो आकडा समजावून सांगता येतो त्याविषयीचा राग बराचसा निवळतो.

प्रश्न : शिक्षकांना गुण देऊ द्यावेत, पण शाळेच्या मागील तीन-चार वर्षांच्या निकालावरून संगणकाने ते कमी-जास्त करून घ्यावेत, म्हणजे सढळ शाळांना आपोआप चाप बसेल. हा उपाय आपल्याकडे का केला नाही?
— एक सेवानिवृत्त अभियंता, लातूर

उत्तर : आपण सुचवलेला उपाय एका देशाने अगदी याच हेतूने करून पाहिला आणि चार दिवसांत मागे घेतला. इंग्लंडमध्ये २०२० च्या शालान्त परीक्षा रद्द झाल्यावर शिक्षकांकडून प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातला क्रम मागवला गेला, आणि ‘ऑफक्वाल’ या नियामक संस्थेने शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांशी जुळवून श्रेण्या ठरवल्या. १३ ऑगस्टला ए-लेव्हलचा, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीचा, निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेण्यांपैकी सुमारे ३९ टक्के खाली आणल्या गेल्याचे दिसले. मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारने माघार घेऊन शिक्षकांच्या श्रेण्या मान्य केल्या. स्कॉटलंडमध्येही तेच होऊन गेले होते. ४ ऑगस्टचा निकाल तेथे ११ तारखेला फिरवावा लागला.

चूक संगणकाची नव्हती, आपण म्हणता त्या कल्पनेतच ती होती. ज्या शाळेचा निकाल आजवर बेताचा आला, तिथे या वर्षी एखादी असामान्य मुलगी निघाली तर सूत्र तिला ओळखत नाही. तिच्या आधी त्या बाकावर बसलेल्यांच्या गुणांवरून तिचे गुण ठरतात. दुसरीकडे, ज्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी विद्यार्थी होते तिथे आकडेशास्त्र लावता येत नाही म्हणून शिक्षकांची श्रेणी तशीच ठेवली गेली, आणि असे छोटे वर्ग प्रामुख्याने खाजगी शाळांत होते. औसा किंवा निलंगा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेची कल्पना करा, जिथे गेल्या चार वर्षांत नव्वदच्या पुढे कोणीच गेले नाही. आपल्या उपायाने तिथल्या पहिल्या नव्वदवाल्या मुलीचे काय होईल? लातूरचा नावलौकिक ज्या शिक्षणामुळे आहे, त्यात अशा खेड्यांतून आलेल्या मुलांचा वाटा थोडाथोडका नाही.

अर्थात काहीही आवर न घालण्याचे परिणामही त्याच देशाने भोगले. २०२१ मध्ये पुन्हा शिक्षकांनी श्रेण्या दिल्या, या वेळी सूत्राविना. २०१९ मध्ये ए-लेव्हलच्या सुमारे एक चतुर्थांश श्रेण्या सर्वोच्च दोन प्रकारांतल्या होत्या, त्या ४४ टक्क्यांवर गेल्या आणि निकाल पूर्वपदावर यायला २०२३ उजाडले. आपल्याकडे केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) २०२१ मध्ये शाळेच्या मागील तीन वर्षांपैकी एक संदर्भवर्ष धरून सरासरी त्याच्या आसपास ठेवायला सांगितले होते. आपल्या कल्पनेच्या जवळ जाणारा उपाय तोच. वर सांगितलेला दोष काही प्रमाणात त्यालाही लागू होतो.

माझ्या मते योग्य वाट तिसरी होती आणि राज्य सरकारच्या ती लक्षात आली होती. अकरावीसाठी २१ ऑगस्ट २०२१ रोजी इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांवर शंभर गुणांची ऐच्छिक सामायिक परीक्षा घेण्याचे ठरले होते. शाळेने उत्तीर्ण करावे आणि जिथे जागांसाठी चढाओढ आहे तिथे सर्वांना एकच पेपर द्यावा, हा विचार बरोबर होता. परंतु तो पेपर राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेला होता, इतर मंडळांच्या मुलांवर त्यामुळे अन्याय होतो अशी याचिका आली, आणि अशी परीक्षा घेण्याचा कायदेशीर अधिकार शासनाला नाही असे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द केली. मुलांच्या आरोग्याचा प्रश्न न्यायालयापुढे होता आणि निर्णयाविषयी मला तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की, तेव्हापासून आजपर्यंत अशा परीक्षेसाठी लागणारी कायद्याची बैठक तयार झालेली माझ्या पाहण्यात नाही. पुढची आपत्ती सांगून येणार नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात आडनाव पाहून गुण दिले जातात असे आम्हाला वाटायचे. हे आमच्या मनाचे खेळ होते का?
— एक पदवीधर विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आपल्या वर्गाविषयी मी काही म्हणू शकत नाही, पण शंका निराधार मानता येणार नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातच हा प्रयोग केला आहे आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला देताना मुखपृष्ठावरची जात, वय, मुलगा की मुलगी ही माहिती त्यांनी स्वैर पद्धतीने बदलून लिहिली, म्हणजे उत्तरांचा आणि जातीचा काही संबंध उरला नाही. तरीही कनिष्ठ मानलेल्या जातीचे नाव असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता. पण यादीत एका गुणाने मागे पडलेल्याला तो लहान वाटत नाही. विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे : हा फरक प्रामुख्याने त्याच जातिगटांतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत आढळला. म्हणजे कोणत्या समाजाचा शिक्षक तपासतो, यावर निःपक्षपाती तपासणी अवलंबून ठेवता येत नाही. नाव झाकणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि बोर्डाचा बारकोड नेमके तेच काम करतो. शाळेच्या चाचण्यांतही मुलांनी नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लिहावा आणि ‘अ’ तुकडीचे पेपर ‘ब’ तुकडीच्या शिक्षकांनी तपासावेत, याला एका पैशाचा खर्च नाही.

प्रश्न : परीक्षा पुन्हा रद्द झाली किंवा ‘परख’ची शिफारस लागू झाली, तर आमच्यासारख्या लहान शाळेने आजपासून काय तयारी ठेवावी?
— एक मुख्याध्यापक, ता. उदगीर, जि. लातूर

उत्तर : प्रत्येक विषयाच्या निदान तीन लेखी चाचण्या वर्गात, देखरेखीखाली घ्या आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका पुढचे शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत गठ्ठा बांधून ठेवा; नुसते गुण उतरवून कागद रद्दीत देऊ नका. चाचणी हुकलेल्या मुलासाठी महिन्याभरात दुसरी चाचणी घेण्याचा नियम लेखी करून सूचनाफलकावर लावा, विशेषतः दिवाळीनंतर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी. ती हंगामी वसतिगृहात राहत असतील तर शिक्षकाने पेपर घेऊन तिथे जावे. तोंडी परीक्षेच्या वेळी दुसरा शिक्षक वर्गात बसवा आणि दोघांनी स्वतंत्रपणे गुण लिहून मग ताडून पाहा. शेजारच्या दोन-तीन शाळांशी बोलून वर्षातून एकदा वीस-पंचवीस उत्तरपत्रिका, गुण झाकून, एकमेकांकडे तपासायला पाठवा. पहिल्या वर्षी आकड्यांत मोठी तफावत निघेल आणि थोडी कटुताही येईल, तरी हा उपक्रम सोडू नका. जिंतूरच्या ताईंना जी सोय मिळाली नाही ती हीच आहे. आणि नोंदवहीतील गुण मुलाला व पालकांना दर सत्राअखेर दाखवून त्यावर त्यांची सही घ्या, म्हणजे ज्याला हरकत आहे तो ती त्याच महिन्यात घेईल, निकाल लागून गेल्यावर नाही.